ओल्मान फायास किरोस, महत्त्व : किरकोळ

माझं सगळं म्हणणं एका शब्दापुरतं होतं. जगात लोक सरकारं बदलायला निघतात, नद्यांची पात्रं बदलायला निघतात, आणि संध्याकाळी घरी येऊन निवांत जेवतात. मी एक शब्द बदलायला निघालो आणि सहा महिन्यांत चार खंडांतल्या लोकांनी मिळून मला किरकोळ ठरवलं. तेही लेखी.

याला कारण ओर्तेन्सियाबाई सोलानो. म्हणजे खरं तर कारण मारिएलोस, माझी बायको, कारण मला घराबाहेर तिने काढलं. तुरियाल्बा नगरपालिकेच्या जमीन नोंदणी खात्यात एकतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या स्वयंपाकघरातल्या बरण्यांना सर्व्हे नंबर दिले. जिरं कुठे गेलं, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तीन, पोटहिस्सा ब." दुसऱ्या दिवशी ती फादर गाम्बोआंना भेटून आली आणि दर गुरुवारी चर्चच्या सभागृहात महिला मंडळाला कॉम्प्युटरवर चित्रं करायला शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला ते येतं का, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

कॉम्प्युटरवर लिएन्सो नावाचं चित्रांचं सॉफ्टवेअर होतं. ते फुकट मिळतं. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या घरी बसून ते बनवतात आणि कोणी कोणाला पगार देत नाही. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. आमच्या देशाने लष्कर कधीच मोडीत काढलं, त्यामुळे आमच्यापैकी ज्यांना भाकऱ्या भाजायची हौस आहे त्यांना अशी कामं शोधावी लागतात.

फेब्रुवारीत फादरांनी सांगितलं की पंधरा मेच्या संत इसिद्रोच्या उत्सवासाठी बैलजोड्यांची नावं नोंदवायची आहेत, तेव्हा एक पोस्टर करा. मध्ये संत, दोन्ही बाजूंना बैल, खाली तारीख. हे काम ओर्तेन्सियाबाईंनी अंगावर घेतलं. बाई एकोणऐंशी वर्षांच्या, भरतकामात तालुक्यात पहिल्या, आणि एखादी गोष्ट धरली की सोडणाऱ्या नव्हेत. त्यांनी एका फोटोतला संत घेतला, दुसऱ्या फोटोतले बैल घेतले आणि आता हे एकमेकांना चिकटवायचे कसे म्हणून चित्राशेजारच्या हत्यारांची नावं वाचत गेल्या. एका हत्याराचं नाव होतं 'गोमा'.

आता आमच्याकडे गोमा म्हणजे गोंद. पहिलीतल्या पोराला विचारा, तो हेच सांगेल. बाईंनी ती गोमा उचलली आणि जिथे संताचं डोकं बैलाच्या शिंगाला टेकत होतं तिथे नीट चोळली. चिकटेना, म्हणून आणखी चोळली. लिएन्सोचं स्पॅनिश भाषांतर मात्र स्पेनमधल्या माणसांनी केलेलं, आणि स्पेनमध्ये गोमा म्हणजे खोडरबर. रविवारी चर्चच्या दारावर पोस्टर लागलं तेव्हा दोन्ही बैलांना डोकी होती आणि संताला नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे गोमा या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. आदल्या रात्री जास्त झाली की सकाळी माणूस डोकं धरून बसतो, तीही गोमा. प्रार्थनेनंतर फादरांनी सर्वांदेखत मला विचारलं की हे कशाने झालं, आणि मी खरं बोलणारा माणूस असल्यामुळे म्हणालो, "गोमेने झालं, फादर."

सोमवारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की ओल्मान फायासच्या गोमेपायी संताचं डोकं गेलं. बेकरीत मला न मागता काळी कॉफी देण्यात आली. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी पोटासाठी काहीतरी पुडीत बांधून दिलं. मी गेली एकोणीस वर्षं दारूच्या थेंबाला शिवलेलो नाही, आणि ज्या दिवशी शेवटचा शिवलो तो माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचा दिवस होता, तिथे शुद्धीवर राहणं अवघडच होतं. मी ठरवलं, हा शब्द बदलून घ्यायचा.

लिएन्सोच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आमच्या कामात कोणीही हातभार लावू शकतो. कोड लिहा, भाषांतर करा, चुका कळवा, नवी आवृत्ती वापरून पाहा, इतरांना शिकवा. आणि ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं प्रत्येक आवृत्तीत आभाराच्या यादीत छापली जातात. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचं कळेल. माझं नाव आजवर कोणी बरोबर लिहिलेलं नाही. विजेचं बिल ओर्लांदोच्या नावाने येतं. लग्नाच्या पत्रिकेवर मी ओमार होतो, आणि मारिएलोसच्या आजीने मरेपर्यंत मला त्याच नावाने हाक मारली. निवृत्तीच्या दिवशी नगरपालिकेने लाकडी पाटी दिली, तिच्यावर पितळेच्या अक्षरांत 'ओल्मार फायेस किरोगा यांस, कृतज्ञतापूर्वक' असं कोरलेलं आहे. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं कानामात्रा न चुकवता नोंदवहीत लिहिली, आणि माझ्या वाट्याला किरोगा आला. मारिएलोसने ती पाटी मागच्या धुण्याच्या टाकीवर टांगली आहे. माझं पूर्ण नाव, दोन्ही आडनावांसकट, एकदा तरी कुठेतरी बरोबर छापून यावं, एवढीच माझी इच्छा होती. शब्द बदलणं हे निमित्त होतं, असं मारिएलोस म्हणते. ती असं पुष्कळ म्हणते आणि ते बहुतेक खरं निघतं.

चूक कळवायचा अर्ज इंग्रजीत होता. आमच्या शेजारी अस्द्रुबालमास्तर राहतात. त्यांनी तांत्रिक शाळेत अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे आणि त्या काळात त्यांचा एकाही इंग्रज माणसाशी संबंध आलेला नाही, त्यामुळे त्यांचं इंग्रजी अगदी शुद्ध राहिलं आहे. ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिल्या चौकोनावर लिहिलं होतं, 'शीर्षक'. मी म्हटलं, अर्जाचं शीर्षक म्हणजे अर्जदार. मास्तरांनी मान डोलावली. मी तिथे लिहिलं : ओल्मान फायास किरोस.

आमच्याकडे फायास म्हणजे चुका. यात हसण्यासारखं काही नाही, जुनं आडनाव आहे, आणि आमच्या एका गल्लीत चुकांची सात घरं आहेत.

दुसरा चौकोन होता 'वर्णन'. त्यात मी रीतसर लिहिलं, की खाली सही करणार ओल्मान फायास किरोस, सज्ञान, एकदाच विवाहित, निवृत्त, राहणार तुरियाल्बा, जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून दीडशे मीटर उत्तरेला, हिरवं घर, आदरपूर्वक कळवतो की. आमच्या देशात याखेरीज अर्जाला कोणी हात लावत नाही. नोटरीसमोर माणूस मेला तरी आधी तो एकदाच विवाहित होता का, हे लिहून घेतात. मग खाली मी गोमेचा सगळा वृत्तांत दिला. तिसऱ्या चौकोनाचं भाषांतर मास्तरांनी 'पुनरुत्पादनाच्या पायऱ्या' असं केलं. हा प्रश्न मला जरा खासगी वाटला, पण खात्यात राहिलेल्या माणसाला कळतं की अर्जात काहीही विचारतात. मी लिहिलं, दोन मुलं, दोन्ही सान होसेला नोकरीला.

तासाभरात पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं : "ओल्मान फायास किरोस मिळाला. आभारी आहोत." मला बरं वाटलं. कोणत्याही सरकारी कार्यालयाने मी मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं. ओल्मान फायास किरोस : खातरजमा झालेली नाही. मी ओळखपत्राची प्रत जोडून पाठवली. तिसऱ्या दिवशी आलं, ओल्मान फायास किरोस : महत्त्व, किरकोळ. हे मास्तरांनी जरा हळू आवाजात वाचलं, पण खिडकी उघडी होती आणि बाहेर मारिएलोस कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली की एवढं शोधायला त्यांना तीन दिवस लागले म्हणजे लोक कष्टाळू दिसतात.

त्यानंतरच्या आठवड्यात फिनलंडच्या एका गृहस्थांनी कळवलं की त्यांनी आपल्या घरी ओल्मान फायास किरोस निर्माण करायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्यांना शुभेच्छा देण्यावाचून मी काय करणार होतो? कॅनडाच्या एका बाईंनी विचारलं की हा नेमका कशानंतर होतो, आणि नेहमी होतो की अधूनमधून. आणि मार्चच्या अखेरीस आलेलं पत्र वाचून मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. ओल्मान फायास किरोस जुना झाला आहे. तीस दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर तो आपोआप बंद करण्यात येईल.

मास्तर म्हणाले की पत्राचा सूर काळजीचा आहे आणि मी सकाळी फिरायला जावं. मी गेलो. रोज सहाला उठून नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. मला तेव्हा खरोखर वाईट वाटत होतं, हे कबूल करतो. निवृत्त माणसाला आपण जुने झालोय हे माहीत असतं. पण ते हेलसिंकीहून कळवावं, असं त्याला वाटत नाही.

या काळात शेजाऱ्यांचे सल्ले चालू होते. समोरचा उलाते सुतार म्हणाला की अशा ठिकाणी ओळख लागते, त्याच्या साडूचा मुलगा कॉम्प्युटरची दुकानं झाडतो. बेकरीवाला म्हणाला की एवढी वर्षं लोकांचे अर्ज अडवून ठेवलेस, आता देव हिशेब करतोय. फादर म्हणाले की नम्रता हा सद्गुण आहे आणि किरकोळ ठरणं ही त्याची सुरुवात. हे बोलताना ते हसत होते, असं मला वाटलं.

शेवटी मी भाषांतराच्या चर्चेत उतरलो. तिथे आमच्या भाषेतली सगळी माणसं होती आणि त्यांचा म्होरक्या होता स्पेनमधल्या सारागोसाचा फेर्मिन. हा माणूस विनयाने बोलायचा आणि तसूभर हलायचा नाही, म्हणजे आमच्या नगराध्यक्षांसारखाच. मी गोमेचा विषय काढताच क्यूबाचा एकजण म्हणाला की आमच्याकडे गोमा म्हणजे गाडीचं टायर. कोलंबियाची एक बाई म्हणाली, आमच्याकडे गोमा म्हणजे एखाद्या गोष्टीचं वेड. साल्वादोरच्या एकाने लिहिलं की आमच्याकडेही गोमा सकाळचीच, आणि तो माझ्या दुःखात सहभागी आहे. फेर्मिनने सर्वांचे आभार मानले आणि लिहिलं की मूळच्या भाषेत गोमा म्हणजे खोडरबर, आणि मूळ शब्द हलवणं बरं नव्हे.

त्यावर मी लिहिलं, "भाषा मूळची तुमची असेल, पण डोकं आमच्या संताचं गेलंय."

या वाक्याला एकतीस जणांनी पसंतीचा अंगठा दिला, आणि फेर्मिन नरमला. त्याने मला वेगळं पत्र लिहिलं, आमच्याच भाषेत, आणि फार मायेने. त्यात त्याने सांगितलं की त्या अर्जातल्या पहिल्या चौकोनात माणसाचं नाव लिहायचं नसतं, सापडलेल्या चुकीला द्यायचं नाव लिहायचं असतं, आणि पुनरुत्पादन म्हणजे ती चूक पुन्हा कशी घडवून आणायची ते. तुम्ही स्वतःचीच चूक म्हणून नोंद केली आहे. आडनाव फायास असल्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. लिएन्सोत ओल्मान नावाचा एखादा भाग असेल आणि त्यात चुका असतील, असं सर्वांना वाटलं. एका जर्मन माणसाने तो भाग दोन आठवडे शोधला. मी ताबडतोब नाव बदलायची विनंती केली. फेर्मिन म्हणाला की आता उशीर झाला, त्या नावाखाली सत्तेचाळीस जणांनी मतं दिली आहेत.

एकतीस वर्षं मी लोकांना खिडकीतून परत पाठवलं, चुकीच्या रकान्यात नाव लिहिलंत म्हणून. त्या सगळ्यांचे चेहरे मला त्या दुपारी आठवले. मारिएलोसने माझी वाढलेली साखर विसरून गुळाचं गरम पाणी आणून ठेवलं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

आता एकच मार्ग उरला होता. चुकांच्या यादीतून निघायचं आणि आभाराच्या यादीत बसायचं. त्यासाठी माझा शब्द स्वीकारला जायला हवा होता. मी 'बोरादोर' सुचवला. आमच्याकडे खोडरबराला बोरादोर म्हणतात, फळा पुसायच्या डस्टरलाही बोरादोर म्हणतात, आणि त्याने कोणाचं डोकं दुखत नाही. फेर्मिनने सावध केलं की बोरादोर म्हणजे कच्चा मसुदाही होतो, घोटाळा होईल. मी म्हटलं, मसुदे आणि खोडरबर यांत माझं आयुष्य गेलं आहे, मला शिकवू नका. मतं घेतली, बोरादोर जिंकला आणि मे महिन्याच्या सुरुवातीला नव्या शब्दाची चाचणी आवृत्ती आली. ती वापरून पाहायला स्वयंसेवक हवे होते. मी ती चर्चच्या कॉम्प्युटरवर घातली.

ओर्तेन्सियाबाईंचं दुसरं पोस्टर तेव्हा पुरं होत आलं होतं. पहिल्याची भरपाई म्हणून त्यांनी या वेळी संत स्वतः काढला होता, चार गुरुवार बसून, भरतकामाचा टाका मोजावा तसा एकेक ठिपका मोजत. संताच्या सदऱ्याला बटणं होती. चेहरा त्यांच्या गेलेल्या नवऱ्यासारखा आला होता. हे सगळ्यांनी ओळखलं. दुपारचे तीन वाजले, कॉफी आली, आणि मी आयुष्यभराच्या सवयीने म्हणालो की आता असू द्या, संताला बोरादोरमध्ये ठेवा आणि कॉफीला चला.

मला म्हणायचं होतं, मसुद्यात ठेवा. बाईंनी हत्यारांत बोरादोर शोधला, तो सापडला, आणि त्यांनी संताला पायापासून कपाळापर्यंत बोरादोरमध्ये ठेवलं. मग चित्र जतन केलं, कॉम्प्युटर बंद केला आणि कॉफीला आल्या. जतन करायला मीच शिकवलं होतं.

परत येऊन उघडलं तेव्हा दोन बैल होते, आणि त्यांच्या मध्ये, हवेत, एक टोपी.

मी माफी मागितली. फेर्मिनने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. बाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "ओल्मान, मला काय करायचं ते कळतं. तुम्ही लोक नाव काय ठेवता ते कळत नाही. ते कशासाठी आहे? खोडायला ना? मग 'खोडायला' असं लिहा की त्याच्यावर."

एवढं साधं होतं. चार खंड, सत्तेचाळीस मतं, आणि कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी तिथेच बसून ते चर्चेत लिहिलं, बाईंच्या नावासकट, कारण दुसऱ्याचं स्वतःच्या नावावर चढवणं आमच्या खात्यात बसत नाही. म्हणजे माझ्या हातून तरी कधी झालं नाही. क्यूबा हो म्हणालं, कोलंबिया हो म्हणालं, आणि फेर्मिनने लिहिलं की सारागोसातही खोडायला म्हणजे खोडायलाच.

पोस्टर मात्र दुसऱ्या दिवशी छापायला द्यायचं होतं. बाईंनी टोपी तशीच ठेवली आणि खाली स्वतः ओळ लिहिली : 'संत शेतावर गेले आहेत. पंधराला भेटतील.' त्या वर्षी उत्सवाला आल्या तेवढ्या बैलजोड्या मी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. लोक पोस्टर काढून घरी नेत होते.

राहिला आभाराच्या यादीचा फॉर्म. नाव, रस्ता, घर क्रमांक. आता आमच्या घराला क्रमांक नाही. रस्त्याला नाव असेल तर ते आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. मी रस्त्याच्या जागी 'जुन्या बर्फाच्या कारखान्यापासून उत्तरेला' असं लिहिलं आणि घर क्रमांकात दीडशे, कारण मीटर तेवढेच. बर्फाचा कारखाना मी लहान असताना पाडला, पण तो कुठे होता ते सगळ्यांना माहीत आहे. घर आता हिरवंही नाही, मारिएलोसने पिवळं केलंय, पण हिरवं घर म्हटल्याशिवाय कोणाला सापडत नाही. पत्ता खरा आहे की नाही हे तपासायला ते पोस्टाने एक पत्र पाठवणार होते, त्यातला आकडा मी परत कळवायचा, जूनअखेरच्या आत.

ओर्तेन्सियाबाईंचा फॉर्मही मीच भरून दिला. त्यांनी न्यू जर्सीतल्या मुलीचा पत्ता सांगितला. रस्ता होता, क्रमांक होता, दारावर बहुतेक पाटीही असावी. चार मिनिटांत काम झालं आणि दहाव्या दिवशी मुलीने फोनवर आकडा सांगितला.

माझं पत्र येईना. पाठवणाऱ्यांनी पत्त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं होतं आणि बर्फाच्या कारखान्याचं त्यात आइस्क्रीम झालं होतं, हे नंतर कळलं. पोस्टमनने ते चौकातल्या आइस्क्रीमच्या दुकानात दिलं. दुकानदाराने ते काचेत, सर्वांना दिसेल असं लावून ठेवलं, की ओल्मान आला की देऊ. पण गेल्या वर्षी साखर वाढल्यापासून मारिएलोसने मला त्या फुटपाथवरूनही जायची बंदी केलेली. गावातल्या प्रत्येकाने ते पत्र पाहिलं होतं. मला ते मिळालं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, व्हॅनिलाच्या वासासकट.

ऑगस्टमध्ये नवी आवृत्ती आली. ती उघडायला गुरुवारी सगळे जमले. फादर आले, मास्तर आले, उलाते आला, ओर्तेन्सियाबाईंनी मक्याच्या पिठाचे तामाल करून आणले. मारिएलोस एरवी सभागृहाकडे फिरकत नाही, तीही आली. खोडायच्या हत्यारावर 'खोडायला' असं लिहिलेलं होतं. मी आभाराची यादी उघडली आणि सावकाश खाली सरकवत गेलो. एका ठिकाणी होतं : ओर्तेन्सिया सोलानो, न्यू जर्सी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या की आपण तिथे कधी गेलोसुद्धा नाही, थंडी फार असते.

मी यादी शेवटपर्यंत पाहिली. मग पुन्हा वरपासून पाहिली. मी नव्हतो.

मास्तर म्हणाले, आणखी खाली आहे काहीतरी. खाली दुसरी यादी होती, या आवृत्तीत काढून टाकलेल्या चुकांची. मास्तर वाचत गेले आणि दोनशे चौदाव्या ओळीला थांबले. त्यांना वाचावंसं वाटेना, म्हणून मीच वाचलं. ओल्मान फायास किरोस : काढून टाकला.

उलाते हसणार होता, पण त्याने तामाल तोंडात घातला. मी खुर्चीला टेकून बसलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी चर्चच्या सभागृहात रडायचं नाही एवढंच मी ठरवत होतो. फादर नम्रतेबद्दल काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मारिएलोस उठली. पर्समधून चष्मा काढून पडद्याजवळ गेली आणि ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. मग तिने पुन्हा वाचलं.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "दोन्ही आडनावं आहेत. किरोसवरची रेघसुद्धा दिलीय."

मी पाहिलं. दिली होती. आजवर ओ वरची ती आघाताची रेघ कोणी दिली नव्हती, माझ्या आईनेसुद्धा नाही. मास्तरांनी लगेच कागदावर छापून घेतलं. तो कागद आता आमच्या घरी धुण्याच्या टाकीवर आहे, पितळेच्या किरोगाच्या बरोबर वर.

पण मारिएलोस अजून पडद्यापाशीच उभी होती. "एक चूक आहे मात्र," ती म्हणाली. "काढून टाकला म्हणतात, ते खरं नाही. आमच्याकडे हा रोज होतो. सकाळी सहाला सुरू होतो, बरण्यांपाशी जास्त होतो. कळवा त्यांना."

मी अर्ज उघडला आणि विचारलं की अर्जदार कोण लिहू?

"लिहा," ती म्हणाली. "मारिएलोस ब्रेनेस अरोयो. सज्ञान. एकदाच विवाहित."

मी ते पहिल्या चौकोनात लिहिलं.